तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटांना कुलूप का?

गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईहून गावी आलेले माजी विद्यार्थी शाळेत चक्कर मारतात, जिना चढून ग्रंथालयात डोकावतात आणि हमखास विचारतात, "बाई, अजून कपाटांना कुलूपच?" तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हे विचारले आहे, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी विचारले आहे आणि एकदा तर जेवताना माझ्याच मुलीने विचारले. आजवर मी "नियम आहे" एवढे सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

आधी माझी बाजू मांडते. दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका हायस्कूलमध्ये मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते आणि आमचा पट पूर्णवेळ पदाइतका कधी भरलाच नाही. त्यामुळे ग्रंथालय अर्धा दिवस उघडे असते, आणि त्या अर्ध्या दिवसातही कुणी शिक्षक रजेवर असले की बदली तासाला मलाच धाडले जाते. दाखल नोंदवहीत चार हजारांच्या आसपास क्रमांक आहेत. त्यांतील प्रत्येक क्रमांकाचे पुस्तक जागेवर आहे की नाही, याचा जाब मला द्यावा लागतो. ते पुस्तक कुणी वाचले का, असे मात्र आजवरच्या एकाही तपासणीत मला कुणी विचारलेले नाही. कपाटातून न निघालेले पुस्तक कागदोपत्री सर्वांत सुरक्षित असते. माझ्या आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा पडताळणीत कमी भरलेल्या पुस्तकांची किंमत त्यांच्याकडून भरून घेण्यात आली होती. कार्यभार घेताना ती यादी मला दाखवण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी मी दापोलीहून सहा नवी कुलपे आणली.

त्याच्या काही महिने आधीच मी ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत, भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथनांच्या पाच सूत्रांवर सविस्तर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते, हे सांगताना आजही संकोच वाटतो. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना, १९३१ साली, त्यांनी मांडलेले पहिलेच सूत्र सांगते की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने बांधून ठेवत, हेही त्यांनी त्याच विवेचनात सांगितले आहे आणि तो तपशील मी उत्तरपत्रिकेत आवर्जून घातला होता. मुलांनी स्वतः फळीवरून पुस्तक काढावे, या पद्धतीला आम्ही मुक्तद्वार म्हणतो. त्या वेळच्या मला विचारले असते, तर 'मुक्तद्वार चार ग्रंथपाल असलेल्या ग्रंथालयांना परवडते' असे तिने सांगितले असते, आणि ते पूर्ण चूकही नव्हते.

शिक्षकांच्या बाबतीत मी फारशी कडक कधीच नव्हते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २४ डिसेंबरची साने गुरुजी जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आला की आदल्या दिवशी "बाई, भाषणाला चार ओळी सापडतील असं काहीतरी द्या" अशी मागणी होते, आणि कुठल्या पुस्तकात कुठे काय आहे हे मला पाठ असल्याने ती पाच मिनिटांत पुरीही होते. पुस्तके परत येण्याचे मात्र विचारू नका. एका ज्येष्ठ सरांकडे शाळेचा मोठा शब्दकोश आठ वर्षे आहे. त्यांना मी वर्षातून एकदा हसत हसत आठवण करून देते, ते हसत हसत "आणतो" म्हणतात, आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा हसतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, त्याकडे येते.

बुधवार, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, पण दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही त्याने झोडपून काढले. मी शाळेपासून अकरा किलोमीटरवर राहते. माडपोफळी आणि आंब्याची झाडे रस्त्यावर आडवी पडली होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हते, त्यात टाळेबंदी. शाळेत पोहोचायला मला चौदा दिवस लागले. ग्रंथालयावरची कौले उडाली होती आणि वाशांमधून आभाळ दिसत होते. शिपायांनी तिसऱ्या दिवशी कुठून तरी ताडपत्री मिळवून कपाटांवर टाकली होती. मला पाहताच ते म्हणाले, "चावी असती तर त्याच दिवशी सगळी खाली वर्गात नेली असती, बाई." चाव्या माझ्या घरी, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होत्या. दोन कपाटांत वरच्या सांध्यातून पाणी शिरले होते, आणि दोन आठवडे बंद राहिलेल्या त्या ओलीत पुस्तके एकमेकांना चिकटून त्यांची जणू वीट झाली होती. दार उघडल्यावर बुरशीचा जो भपकारा आला, त्यापुढे डांबरगोळ्यांचा वास कुठच्या कुठे गेला. कुलूप नसते तर वाऱ्याने दारे उघडून सहाही कपाटे भिजली असती, अशी समजूत मी पुढे बरेच दिवस घालून घेत होते. त्या दारांना बाहेरून कडी आहे, हे मला पक्के ठाऊक असूनही.

दहावीचा निकाल त्या वर्षी २९ जुलैला लागला. शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल तर ग्रंथालयाचे काही देणे नाही, अशी माझी सही लागते. ऑगस्टच्या सुरुवातीला एक मुलगी आईला घेऊन आली. खरे तर दहावीची कार्डे मी जानेवारीअखेर बंद करते. परंतु फेब्रुवारीत ही मुलगी टेबलाशी घुटमळत "परीक्षा संपली की वाचीन, बाई" म्हणाली होती, आणि हिमालयातल्या पायी प्रवासाचे एक पुस्तक मी तिला नियम मोडून दिले होते. मग मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि ते पुस्तक तिच्याकडेच राहिले. आता तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवले. भिजून उन्हात वाळवल्याने ते दुप्पट फुगले होते, पुठ्ठा सुटला होता आणि मधली पाने उलगडत नव्हती. "पोरीनं पेटीत जपून ठेवलंन होतं, बाई, पण घराचं छप्परच गेलं," आई म्हणाली.

मी नोंदवही उघडली. हे मी रागाने केले का, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. राग होता, आणि तो बहुधा माझ्यावरच होता: एकदाच नियम मोडला आणि नेमके तेच पुस्तक गेले. मी म्हटले, "नवी प्रत आणा, नाहीतर किंमत भरा, मग सही करते." किंमत १८० रुपये होती. आईने शंभराच्या दोन नोटा काढल्या. माझ्याकडे सुटे नव्हते, म्हणून कार्यालयातून वीस रुपये आणून दिले. रीतसर पावती फाडली, सही केली. पिशवीची घडी घालता घालता मुलीने विचारले, "मग हे मी नेऊ का?"

मी नाही म्हटले. पुस्तकावर शाळेचा शिक्का आहे, ते दप्तरी राहायला हवे, असे काहीतरी सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि दोघी जिना उतरून गेल्या. किंमत वसूल झाल्यावर त्या प्रतीवर 'रद्द' असा शिक्का मारून ती तिला देता आली असती, आणि हे मला त्याच क्षणी सुचले होते.

त्याच आठवड्यात मी निर्लेखनाचा, म्हणजे निकामी पुस्तके नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार केला. माझ्या कुलपाआड भिजलेली ३१२ पुस्तके 'नैसर्गिक आपत्तीत निरुपयोगी' म्हणून एका कागदावर, चार सह्यांनी नोंदवहीतून कमी झाली. त्यांची किंमत कुणी भरली नाही आणि ती भरावी असे कुणाच्या मनातही आले नाही. तिचे पुस्तक आणि माझी ३१२ पुस्तके एकाच पावसात भिजली होती, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा प्रस्तावावर शेवटची सही होऊन गेली होती.

शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर खिडकीजवळच्या कपाटाचे कुलूप मी कायमचे काढले. इतर पाच कपाटांना ते आहे. या एका कपाटातून पहिल्याच वर्षी २३ पुस्तके गेली, त्यांतील दोन कुणाच्या तरी धाकट्या भावाच्या दप्तरात सापडली. रहस्यकथा आणि क्रिकेटची पुस्तके जाणार हे धरूनच चालले होते. पण पक्ष्यांची ओळख करून देणारे चांगल्या छपाईचे पुस्तक गेले, तेव्हा मी चडफडले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, वर्षभरात दिलेल्या वा पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले आहे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, अशी अट आहे. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आमच्या शाळेसाठी नव्हे. तरीही मी तो मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचून विचारले, "यात तेवीस कुठे बसतात, बाई?" मला उत्तर देता आले नाही, आणि अजूनही देता येत नाही. एप्रिलची पडताळणी आली की माझा हात त्या जुन्या कुलपाकडे जातो, हेही कबूल करते.

ते फुगलेले पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या मुलीचा भाऊ आता आठवीत आहे. मधल्या सुट्टीत तो उघड्या कपाटापाशी येतो आणि घंटा होईपर्यंत उभ्या उभ्या वाचतो; गलबते आणि मचव्यांच्या चित्रांचे एकच पुस्तक त्याने तीन आठवडे पुरवून वाचले. अशा वाचनाची नोंद करायला माझ्या देवघेव वहीत रकाना नाही. त्याला मी दोनदा म्हटले, "घरी ने, कार्डावर चढवून देते." "नको बाई, आई नको म्हणते," असे म्हणून तो पुस्तक फळीवर परत ठेवतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी.