विसापूरच्या घळीतली नळी

पावसाळ्यात विसापूर गडाच्या पायऱ्यांवरून पाणी कसं धावतं, हे पुण्याच्या भटक्यांना नव्यानं सांगायला नको. त्या पायऱ्यांच्या बऱ्याच खाली, घळीत कुणीतरी एक जिओकॅश (किंवा नुसता 'कॅश': जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देऊन, जीपीएसनं शोधायला ठेवलेली डबी) लपवलाय. तो शोधायला सप्टेंबरच्या शेवटी मी आणि भाची लोकलनं मळवलीला उतरलो. दोन दिवस पाऊस नव्हता, शिवाय मधला वार होता, त्यामुळे गर्दीही नव्हती.

जुलैत मी या घळीत कुणालाही नेत नाही. वर गडावर मोठी सर आली की खाली उघडीप असली तरी पाणी बघता बघता चढतं. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. धबधबा बघायचाच, पण खडकांची डोकी पाण्याबाहेर दिसत असतील तेव्हा.

एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे गावात आलो, चहा घेतला आणि चढाला लागलो. लेणी या खेपेला राहिली. घळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मोबाइलवरचा बाण सरळ होता. आत शिरलो आणि तो गरगरायला लागला. घडीत आठ मीटर, घडीत तीस.

"आत्या, हा समोरच्या कड्यात जा म्हणतोय गं!"

दोन्ही बाजूंना कातळ असला की आकाशाची चिंचोळी पट्टीच उरते. उपग्रह कमी दिसतात, आणि त्यांचे संदेशही कड्यावर आपटून उशिरा पोचतात. तिला तिथेच बसवून सांगितलं की 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य माणसाला जीपीएस मुद्दाम बिघडवूनच मिळायचं, शंभरेक मीटरची चूक ठरलेली. अमेरिकेनं ती अडवणूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, ऑरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. हा खेळ तिथून सुरू झाला.

मग मोबाइल पिशवीत टाकला. या खेळात मला सगळ्यात आवडतो तो हाच टप्पा. बाण तुम्हाला घळीपर्यंत आणतो, पुढे हात आणि डोळे. धबधब्याकडे एरवी आपण लांबून बघतो, फोटो काढतो, निघतो. इथे एकेक खडक जवळून बघावा लागला. काळ्या दगडात वाटाण्याएवढी भोकं, काहींत पांढरे चमकणारे खडे. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे खनिजं साचून झालेले. एका कपारीत तांबूस खेकडा नांग्या उगारून बसला होता. भाचीनं त्याला वाट दिली. शेवाळ कुठे निसरडं आणि कुठे पाय धरतं, हे तिला अर्ध्या तासात न सांगता कळलं.

बांधीव पायऱ्यांचा एकही दगड हलवायचा नाही, हे आधीच बजावलं होतं. कॅश गडाच्या बांधकामात नाहीच, घळीतल्या आपसूक पडलेल्या दगडांत आहे. नेमका कुठे ते लिहीत नाही, शोधणाऱ्याचा आनंद जाईल.

सापडला भाचीलाच. प्लॅस्टिकची बाटली फुगवण्याआधी जी जाड, बोटभर नळी असते ना, ती. झाकण घट्ट, बाहेरून काळपट रंग, त्यावर माती. आत कागदाची गुंडाळी आणि त्यावर आधी येऊन गेलेल्यांची टोपणनावं, तारखा. तिनं आपलं नाव इतकं जपून लिहिलं की मला भरून आलं. कागदाला दमट वास येत होता, म्हणून कोरडा कागद आणि सिलिकाची पुडी घालून नळी होती तशी ठेवली आणि घरी आल्यावर कॅश ठेवणाऱ्याला कळवलं.

जायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठा. गडावर सोनकी फुललेली असते आणि घळीत पाणीही असतं. दिवाळीनंतर कॅश मिळेल, पण धबधबा आटत आलेला असेल. चांगल्या पकडीचे बूट घाला, एकट्यानं जाऊ नका, आणि वर ढग दाटले तर नळी न शोधता मागे फिरा.