डब्यांचा हिशेब, कोथरूडचं भाडं आणि कराचं नवं सॉफ्टवेअर

६ एप्रिल २०२६ पासून ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यांची आणि घर भाड्याने देणाऱ्यांची कर भरण्याची पद्धत बदलली. धंदा आणि भाडं मिळून वर्षाची जमा ५०,००० पौंडांच्या वर गेली, की जानेवारीत एकदाच सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे आपलं उत्पन्न आपणच कळवायचा, फॉर्म भरून आता भागत नाही. जमाखर्चाच्या नोंदी डिजिटल ठेवायच्या, दर तिमाहीला बेरजा एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, पाठवायच्या आणि वर्षाचं विवरणपत्रही सॉफ्टवेअरमधूनच भरायचं. ‘मेकिंग टॅक्स डिजिटल’ हे त्याचं नाव. बोलताना सगळे एमटीडीच म्हणतात. हे सॉफ्टवेअर एचएमआरसी देत नाही. त्यांच्या यादीतलं एखादं आपण शोधून घ्यायचं. माझी ही निवड पार पडली, आणि जे हाती आलं ते लिहून ठेवतेय, कारण भारतात घर असलेल्या माणसाला इथे मिळणारा नेहमीचा सल्ला अपुरा पडतो.

माझं गणित असं. स्लाऊमध्ये माझा घरगुती डब्यांचा धंदा आहे. होळीला पुरणपोळ्या, गणपतीत मोदक. मोजणीचं वर्ष २०२४-२५, त्यात त्याची जमा ४१,००० पौंड. रेडिंगला एक फ्लॅट आहे, माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर. भाडं महिना १,२०० पौंड, त्यात निम्मा वाटा माझा, म्हणजे वर्षाचे ७,२००. दोन्ही मिळून ४८,२००. इथवर मी मर्यादेच्या आत होते. पण कोथरूडला आईबाबांनी माझ्या नावावर केलेला फ्लॅट आहे, त्याचं भाडं महिना ३०,००० रुपये. वर्षाच्या ३,६०,००० रुपयांचे त्या वेळच्या दराने साधारण ३,३०० पौंड होतात, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्याचं परदेशातलं भाडंही या मोजणीत धरतात. झाले ५१,५००.

खर्च वजा जाता हाती किती उरतं, याच्याशी मर्यादेचा संबंध नाही. ती एकूण जमेवर आहे. उलट पगार, डिव्हिडंड, बँकेचं व्याज यांतलं काहीच तिच्यात मोजत नाहीत. त्यामुळे माझ्या नफ्याच्या कितीतरी पट पगार असलेला माझा नवरा यात येत नाही, त्याच्या नावावर फक्त ७,२०० चं भाडं आहे. तो पूर्वीसारखाच सेल्फ असेसमेंट भरणार. एकाच घरात आता दोन पद्धती. आणि हो, एचएमआरसीचं पत्र आलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. ती आपण स्वतः जाऊन करायची, किंवा अकाउंटंटकडून करून घ्यायची.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं कोणालाही विचारा, उत्तर म्हणून आधी नावं येतात: क्विकबुक्स, झीरो, सेज. नॅटवेस्ट बँकेत बिझनेस खातं असेल तर फ्रीएजंट फुकट मिळतं, हेही कोणीतरी सांगतंच. यांतली कुठलीही गोष्ट वाईट नाही. पण नाव आणि किंमत यांपासून सुरुवात केली की आपल्याला नेमकं काय लागतं हे बाजूला राहतं. मी आधी कागदावर माझ्या उत्पन्नाचे प्रकार मांडले: धंदा, ब्रिटनमधलं भाडं, परदेशातलं भाडं, आणि पुण्याच्या एनआरओ खात्यावरचं (एनआरआयच्या भारतातल्या कमाईचं बँक खातं) व्याज. यांतल्या पहिल्या तिन्हींची तिमाही माहिती वेगवेगळी जाते. रेडिंग आणि कोथरूड दोन्ही घरंच असली तरी एचएमआरसीच्या लेखी ते दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. चौथं, व्याज, तिमाहीत द्यावं लागत नाही. वर्षअखेरच्या विवरणपत्रात मात्र द्यावंच लागतं.

हा कागद शेजारी ठेवून मी गव्हडॉटयूके या सरकारी साइटवरची सॉफ्टवेअरची यादी उघडली. तिथे आपल्या उत्पन्नाचे प्रकार निवडून यादी गाळता येते. धंदा आणि ब्रिटनमधलं भाडं असेपर्यंत पर्याय भरपूर होते. परदेशातलं भाडं निवडलं तशी यादी आखडली. फुकट पर्याय तर भराभर गळाले. एका कंपनीच्या पानावर सगळं होईल असं लिहिलं होतं, म्हणून त्यांच्या सपोर्टला सरळ विचारलं, ‘परदेशातल्या घराची तिमाही माहिती आज पाठवता येते का?’ उत्तर आलं, लवकरच येतंय. दुसरीकडे तिमाहीचं सगळं होत होतं, पण वर्षाचं विवरणपत्र त्यांच्याकडून भरताच येत नव्हतं. त्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर घ्या म्हणाले. दोन सॉफ्टवेअर वापरायला नियमाची आडकाठी नाही, हे खरं. पण डबे भरता भरता दोन ठिकाणचा हिशेब जुळवत बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून माझी कसोटी दोनच प्रश्नांची ठरली: परदेशातलं भाडं आज चालतं का, आणि परदेशी व्याजासकट वर्षाचं विवरणपत्र याच सॉफ्टवेअरमधून जातं का? ‘आज’ या शब्दावर मी अडून बसले आणि उत्तर ईमेलवरच मागितलं.

कोथरूडच्या भाड्याची गंमत बँक स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. खात्यात दर महिन्याला ३०,००० येत नाहीत, २०,६४० येतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पुण्याला फोन लावला होता.

‘दादा, भाडं कमी आलंय का?’

‘अगं कमी नाही. तू एनआरआय, म्हणून भाडेकरूला ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. त्याचं प्रमाणपत्र, फॉर्म १६ए, आला की पाठवतो तुला.’

सॉफ्टवेअरमध्ये जमा म्हणून लिहायचे ते ३०,०००. बँकेतून आपोआप ओढून घेतलेला २०,६४० चा आकडा तसाच पुढे गेला, तर एचएमआरसीला कमी भाडं दाखवल्यासारखं होतं. कापलेले ९,३६० खर्चातही धरता येत नाहीत. मग भारतातल्या त्या कराचं इथे क्रेडिट मिळेल का, म्हणजे तो इथल्या करातून वजा होईल का? भारत-ब्रिटन करारानुसार दोनदा कर पडू नये अशी सोय आहे, पण ती भारतात शेवटी जेवढा कर लागतो तेवढ्यापुरतीच. माझं भाडं ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर २,५२,००० वर येतं. ते भारतातल्या करमुक्त मर्यादेच्या आत बसतं, म्हणून तिथे रिटर्न भरल्यावर टीडीएस मला परत मिळतो. जो पैसा परत येतो, त्याचं क्रेडिट इथे मागायचं नसतं. ओळखीतल्या कित्येकांना टीडीएस कापला म्हणजे काम झालं असं वाटतं, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतेय.

ती ३० टक्के वजावटही भारतापुरतीच. इथे सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, नळाची-रंगाची दुरुस्ती असे प्रत्यक्ष झालेले खर्च लिहायचे. दादा आता प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकतो. रुपयांचे पौंड करण्यासाठी एचएमआरसी स्वतः दर जाहीर करते. मी त्यांचाच महिन्याचा दर वापरते आणि ही पद्धत वर्षाच्या मध्येच बदलत नाही.

रेडिंगच्या फ्लॅटची अडचण वेगळी. भाडं जॉइंट खात्यात पूर्ण १,२०० येतं, माझी जमा ६००. बँकेशी जोडलेलं सॉफ्टवेअर पूर्ण रक्कम उचलतं. ती वाटून घेण्याची सोय काहींत आहे, काहींत दर वेळी हाताने करावी लागते. सामायिक घरासाठी नियमात एक सवलत आहे: तिमाहीत फक्त आपल्या वाट्याची जमा दाखवून खर्च वर्षअखेरीला एकदम दाखवता येतो. चाचणीच्या खात्यात मी मुद्दाम हेच करून पाहिलं. गृहकर्जाचं व्याज मात्र नेहमी वेगळ्या रकान्यात. राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घराच्या भाड्यातून ते पूर्ण वजा होत नाही, त्यावर २० टक्क्यांची करसवलत मिळते. हे व्याज बाकीच्या खर्चात मिसळणारं सॉफ्टवेअर मी तिथेच सोडून दिलं.

राहिला प्रश्न नोंदी कुठे ठेवायच्या याचा. नवऱ्याचं मत, पावतीचा फोटो काढला की आकडे आपोआप भरणारं ॲप घ्यावं. मी मात्र कित्येक वर्षं एक्सेलमध्ये हिशेब ठेवतेय. साउथॉलच्या कॅश अँड कॅरीतला गूळ, तांदूळ, चणाडाळ, डब्यांचे कंटेनर, व्हॅनचं पेट्रोल, सगळ्याचे रकाने बसलेले आहेत. एमटीडीत एक्सेल चालतं, हे पुष्कळांना माहीत नाही. ‘ब्रिजिंग’ म्हणतात ते सॉफ्टवेअर आपल्या शीटमधल्या बेरजा उचलून एचएमआरसीकडे पाठवतं. अट एकच, आकडे मध्ये हाताने पुन्हा टाइप किंवा कॉपी-पेस्ट करायचे नाहीत. फॉर्म्युल्याने जोडायचे किंवा फाइल आयात करायची. तिन्ही व्यवसाय आणि वर्षाचं विवरणपत्र करणारं एक ब्रिजिंग सॉफ्टवेअर मला सापडलं आणि वर्षाचे पैसे भरून मी ते घेतलं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. प्रत्येक कंपनीच्या सोयी दर काही महिन्यांनी बदलताहेत, आणि मी दिलेल्या नावावर विसंबून कोणी फसू नये. नवऱ्याचा मुद्दाही मी अर्धा मान्य केला. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते आणि नोंदी तर विवरणपत्राच्या मुदतीनंतर निदान पाच वर्षं जपायच्या असतात. म्हणून दुकानातून बाहेर पडतानाच पावतीचा फोटो निघतो.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये होती, आणि ती कोणी सांगितली नव्हती. तिमाही नेहमीप्रमाणे ६ एप्रिल ते ५ जुलै अशी असते. पण १ एप्रिल ते ३० जून अशी कॅलेंडरची तिमाहीही निवडता येते. पाठवण्याच्या तारखा त्याच राहतात: ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. निवड मात्र पहिली माहिती पाठवण्याआधी करावी लागते. कॅलेंडरची तिमाही घेतली की महिन्याचं बँक स्टेटमेंट मध्येच तुटत नाही. आपल्यासाठी त्याहून मोठा फायदा म्हणजे भारताचं आर्थिक वर्षही १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि टीडीएसचं प्रमाणपत्रही त्याच तिमाहीचं. दादाने पाठवलेलं प्रमाणपत्र आणि माझी शीट आता ओळीला ओळ जुळते. भारतात भाडं येणाऱ्या प्रत्येकाने आपलं सॉफ्टवेअर ही निवड देतं का, हे आधी बघावं.

पहिली तिमाही मी जुलैत पाठवली. भीती होती तेवढं अवघड नाही, हे मनापासून सांगते. धंद्याची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत असेल तर खर्चाची बारीक वर्गवारीही सक्तीची नाही, जमा आणि खर्च एवढं पुरतं. प्रत्येक तिमाहीचा आकडा वर्षाच्या सुरुवातीपासूनचा एकत्रित असतो, म्हणून मागे काही राहिलं तर पुढच्या वेळी आपसूक सुधारतं. तिमाहीची माहिती म्हणजे कर भरणं नव्हे. पैसे पूर्वीसारखेच ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला. एप्रिल २०२६ मध्ये यात आलेल्यांना पहिल्या वर्षी उशिरा पाठवलेल्या तिमाहीबद्दल दंडाचे गुण लागणार नाहीत. त्यानंतर मात्र प्रत्येक उशिराला एक गुण, आणि चार झाले की २०० पौंड दंड.

एका गोष्टीचा विसर पडू देऊ नका. २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्या पद्धतीनेच, ३१ जानेवारी २०२७ पर्यंत भरायचं आहे. म्हणजे या हिवाळ्यात जुनं आणि नवं दोन्ही शेजारी चालणार.

एप्रिल २०२७ पासून मर्यादा ३०,००० वर येते आणि ती २०२५-२६ च्या जमेवरून ठरेल. एप्रिल २०२८ पासून २०,०००. माझी जाऊ वेम्बलीला ब्लाउज-शिवणकाम करते आणि नाशिकला तिचा दुकानाचा गाळा भाड्याने दिलेला आहे. तिची बेरीज ३४,००० च्या पुढे जाते. परवा आम्ही दोघींनी तिच्या उत्पन्नाचे प्रकार कागदावर मांडले. गाळा व्यापारी असल्यामुळे त्याच्या कर्जाचं व्याज तिला माझ्यासारखं अडत नाही, ते पूर्ण खर्चात जातं. सॉफ्टवेअर तिने दिवाळीपर्यंत ठरवायचं आणि जानेवारी ते मार्चच्या नोंदी सरावासाठी त्यात घालून बघायच्या, असं आमचं ठरलं आहे.