झाडांमागून गेलेल्या मॅडम

प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळून दाखवायला, ठरलेली मुलगी ऐनवेळी आली नाही आणि खोली तर बुक झालेली, म्हणून अकाउंट्समधल्या मॅडमना विनंती केली. मोबाइलवर पत्ते सोडले तर त्या काही खेळत नाहीत. समोर होता ‘एल्डन रिंग’, फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा अवघड म्हणून गाजलेला गेम. आमच्या स्टुडिओचा स्वतःचा ओपन-वर्ल्ड, म्हणजे कुठेही मोकळं फिरता येणारा, गेम अर्धा-कच्चा आहे, आणि त्याची पहिली जमीन, खेळाडू सुरुवात करतो तो प्रदेश, कशी असावी यावरून इतकी भांडणं झाली होती की दुसऱ्यांनी ती कशी केली आहे ते नवख्या माणसाच्या डोळ्यांनी बघू, असं ठरलं.

प्लेटेस्ट म्हणजे फुकट गेम खेळायला मिळणं, असं बाहेरच्यांना वाटतं. माझं काम खेळणाऱ्याच्या शेजारी बसून गप्प राहण्याचं. मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, ‘हं’ सुद्धा म्हणायचं नाही. आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या चाचणीच्या प्रतीत, कोण कुठे मेलं ते लॉगमधल्या नोंदींतून आपोआप नकाशावर उमटतं. दुसऱ्यांच्या गेमचा लॉग आमच्या हाती नसतो, त्यामुळे मी लिमग्रेव्हचा, एल्डन रिंगच्या पहिल्या जमिनीचा, नकाशा छापून घेते आणि लाल पेनाने फुल्या मारते. वेळ, जागा, कशाने मेला आणि मरताना काय म्हणाला. हा शेवटचा रकाना माझा. टेम्प्लेटमध्ये तो नव्हता.

पहिली फुली दहा मिनिटांच्या आत. सुरुवातीलाच अनेक हात जोडलेला एक राक्षस अंगावर येतो. त्याला हरवता येतं, पण नवख्याने मरावं अशीच ती रचना आहे. मरून खाली कोसळल्यावर खरा गेम सुरू होतो. आमच्या फॉर्ममध्ये मृत्यूची दोनच कारणं: खेळाडूची चूक, डिझाइनची चूक. बनवणाऱ्यालाच हवा असलेला मृत्यू कुठे लिहायचा?

मग त्या उघड्यावर आल्या. समोर भलंमोठं सोनेरी झाड, दूर कड्यावर किल्ला, आणि पायवाटेवर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फेऱ्या मारतोय. हा ट्री सेंटिनेल. शेजारच्या खोलीत स्क्रीन बघत बसलेल्या आमच्या कॉम्बॅट डिझायनरचा मेसेज आला, ‘ताई, आता मजा.’ त्याच्या ओळखीतला प्रत्येक गेमर इथे तलवार उपसून धावला होता आणि मेला होता. मॅडम थांबल्या. घोडेस्वार कुठून वळतो ते दोनदा बघितलं. म्हणाल्या, “रस्ता त्याचा दिसतोय. आपण झाडांमागून जाऊ.” आणि गेल्या. चर्चमधल्या व्यापाऱ्यापाशी पोचल्या तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता.

शेजारच्या खोलीत चिडचिड. “ही काय खेळायची पद्धत झाली?” हेच त्याचं जुनं दुखणं आहे. गेम अवघड म्हणजे तो फक्त बोटांना अवघड, असा त्याचा समज. त्या घोडेस्वाराला खेळाडूच्या वाटेत उभं करणाऱ्याने एकही शब्द न लिहिता सांगितलंय की इथून निघून जायला परवानगी आहे. ग्रेसमधून, म्हणजे खेळाडू विसावा घेतो त्या उजेडाच्या ठिकाणातून, निघणारी प्रकाशाची रेघ एक दिशा दाखवते, झाड कुठूनही दिसतं, शत्रूची फेरी लांबून वाचता येते. मॅडमनी हे सगळं सूचना नसताना वाचलं.

पुढे गेटफ्रंटच्या ग्रेसपाशी मेलिना नावाची गेममधली सोबतीण आली, टोरंट नावाचा घोडा मिळाला, आणि मॅडम बोलायच्या बंद झाल्या. मनात येईल ते मोठ्याने बोला, असं आम्ही सांगून ठेवतो. माणूस गुंगला की पहिलं तेच विसरतो, म्हणून ती शांतता मी टिपून ठेवते. अ‍ॅगील तळ्यात आकाशातून ड्रॅगन उतरला तेव्हा मात्र “अगं बाई!” स्पष्ट ऐकू आलं. त्या पळाल्या, जवळच्या पडक्या अवशेषांत शिरल्या, जिना सापडला, तळघर, आत पेटी. ड्रॅगनपासून सुटका आणि वर खजिना! पेटी उघडली, धूर निघाला, आणि त्या थेट केलिड नावाच्या, बऱ्याच अवघड प्रदेशाच्या खाणीत.

कपटी सापळा आहे तो. खाणीतून बाहेर पडेपर्यंत नकाशावरून दुसरीकडे उडी मारता येत नाही, आणि आतले प्राणी नवख्याला एक-दोन फटक्यांत संपवतात. इथे सेशन बुडालं असं मी धरून चालले. त्या वाकून, भिंतीला धरून, एकाशीही न लढता बाहेर आल्या. वर लाल आकाश. “हे कुठलं गाव म्हणायचं?” असं म्हणून पहिल्यांदा हसल्या.

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. एका व्हेंडरचं बिल अडकलं होतं. त्यांनी मेनू उघडला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि जीएसटीबद्दल बोलू लागल्या. मेनू उघडला तरी हा गेम थांबत नाही. मदतीच्या आत लपलेलं मेनूचं स्पष्टीकरण उघडलं तर थांबतो, हे मला माहीत होतं, पण मी गप्प राहायला बांधलेली. फोन ठेवला तेव्हा त्या मेल्या होत्या. एकट्याने खेळताना पॉज नसण्याचं कौतुक मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. वस्तूंचं वर्णन वाचायला त्या खुर्ची पुढे ओढत होत्या, अक्षर मोठं करायची सोय नाही, तेही त्याच माळेतलं.

मीटिंगमध्ये प्रोड्यूसरने माझा नकाशा बघून निष्कर्ष काढला: एकही उद्दिष्ट पूर्ण नाही, म्हणजे आपल्या गेममध्ये वाट दाखवणारा बाण हवा. कॉम्बॅटवाला म्हणाला, काहीच सांगू नका, तीच तर फ्रॉमसॉफ्टवेअरची जादू. मला दोघांचंही पटत नव्हतं. या गेमच्या दोन शांतता आहेत. जमिनीवरची शांतता बोलते. कथेतली नुसतीच गप्प आहे. मिस्टवुडमध्ये कोणीतरी लांडग्यासारखा ओरडतो. तो भेटावा म्हणून आधी तो आवाज ऐकायचा, मग चर्चमधल्या व्यापाऱ्याकडे परत जाऊन त्याच्याकडून चुटकी वाजवायला शिकायचं, मग पुन्हा जंगलात यायचं. हे किती जणांना आपापलं सुचेल? 25 फेब्रुवारी 2022 ला गेम आला तेव्हा भेटलेली पात्रं नकाशावर दिसतही नव्हती. पुढच्याच महिन्याच्या अपडेटने त्यांच्या खुणा आल्या. जून 2024 मध्ये ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा जोडभाग आला, आणि आठवड्याच्या आत त्यांनीच स्काडूट्रीच्या आशीर्वादाचा, म्हणजे त्यात खेळाडूची ताकद वाढवणाऱ्या सोयीचा, सुरुवातीचा जोर वाढवला. बनवणारे ऐकतात. भक्तच ऐकत नाहीत.

मॅडम आणखी खेळल्या असत्या तर भुयारांतून तोच दगडी पहारेकरी पुन्हा पुन्हा भेटला असता, आणि बर्फाळ डोंगरांपासून पुढे दोन फटक्यांत मरण. तिथे झाडांमागून जायची वाट उरत नाही. लिमग्रेव्हने शिकवलेलं शहाणपण हा गेम शेवटी स्वतःच मोडीत काढतो. मला ते खटकतं, आणि मीटिंगमध्ये ते सांगायला वेळच मिळाला नाही.

तडजोड म्हणून आमच्या पहिल्या जमिनीवरची वाट सांगणारी पाटी काढून टाकली आणि उंचावर एक मनोरा ठेवला. पुढच्या टेस्टमध्ये काही जण मनोऱ्याकडे गेले, बाकीचे सरळ चालत नकाशाच्या कडेला जाऊन अदृश्य भिंतीवर आपटत राहिले. लेव्हल डिझायनर म्हणतो मनोरा पांढरा करू. माझ्या मते टेकडीच चुकीच्या जागी आहे. ती हलवायची तर खालचं अर्धं गाव पुन्हा बांधावं लागेल, आणि तेवढे आठवडे द्यायला कोणी तयार नाही.