गोठ्यातला मावळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर आमच्या बॅचच्या निम्म्या जणी स्पोर्ट्‌स डेवर लिहिणार, हे ठरलेलंच. मार्च-पास्ट, कॅनव्हासच्या बुटांना फासलेला खडू, प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण मलाही आठवतं. पण ते पुण्यातल्या कुठल्याही शाळेत असतं. आपल्या कॉन्व्हेंट शाळेचं वर्ष पुढे सरकायचं ते सणांवर.

३० ऑगस्टला नोव्हेना सुरू होई. ८ सप्टेंबर मदर मेरीचा वाढदिवस, त्याआधी नऊ दिवस ग्रोटोपाशी, म्हणजे मेरीच्या मूर्तीच्या गुहेपाशी, फुलं वाहायची. कॅम्पातल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या मुलींकडे हे पिढ्यान्‌पिढ्यांचं. आम्ही पेठांतल्या मुली त्यांचं बघून शिकलो. बऱ्याचदा तेव्हाच गणपती यायचे आणि मंडईत शेवंतीचे भाव कडाडायचे. मग आजी परसातली फुलं खुडून परडीत दोन वाटे करायची. "हा बाप्पाचा, हा तुमच्या मेरीआईचा. जास्वंद मात्र मागायची नाही!"

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासांचा काळ. त्याच्या पहिल्या दिवशी, अ‍ॅश वेन्सडेला, कॅथलिक मुली कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात यायच्या. चाळीस दिवस कुणी चॉकलेट सोडायची, कुणी सामोसा, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी वर्गातल्या डब्यात. आमच्यातही उपास असतात, असं मी तोऱ्यात सांगितलं आणि एकादशीला डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, वर केळं. शेजारीण म्हणाली, "असा उपास असेल तर मीपण धरते." एकादशी दुप्पट खाशी हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पण खरी मजा डिसेंबरातल्या क्रिबची, म्हणजे गोठ्यातल्या येशूजन्माच्या देखाव्याची. ते काम नववीकडे. ब्राऊन पेपर चुरगाळून, गेरू फासून डोंगर उभे राहायचे. दिवाळीत किल्ले केलेल्या आम्ही, त्यामुळे यात आमची मतं फार. गवतासाठी कॅथलिक मुलींकडे वाट्यांत गहू पेरायची पद्धत, आमचा आग्रह मोहरीचा. गहू उंच होतो आणि मेंढ्या दिसेनाशा होतात. मोहरी नाजूक, पण पाणी चुकलं की मान टाकते. शेवटी डोंगरावर मोहरी आणि मागे गहू, अशी तडजोड झाली.

त्याच वर्षी कुणीतरी मेंढपाळांत एक मावळा उभा केला. सिस्टर थबकल्या. "हा कोण?"

"रात्रीची राखण करतो, सिस्टर."

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "मग बाळाकडे पाठ कशाला? वळवा त्याला." मावळा तिथेच राहिला, ढाल-तलवारीसकट.

बाळ मात्र तेव्हा गव्हाणीत नसायचंच. ते २४च्या मध्यरात्री ठेवायचं आणि शाळेला त्याआधीच सुट्टी लागलेली. आम्ही लांबच्या मुली दरवर्षी रिकामी गव्हाण बघूनच पीएमटीच्या बसने घरी. दहावीत मी २५ तारखेला बाबांना एम. जी. रोडच्या गर्दीतून ओढत नेलं, तेव्हा कुठे बाळ दिसलं. त्या वर्षीच्या नववीची मोहरी तोवर पिवळी पडली होती. पाणी घालायला सुट्टीत कोण येणार?

हल्ली क्रिब बाजारातून तयार येतं, असं कळलं. सुबक असेल, पण त्यात वाद घालायला काय उरतं? सुवर्णमहोत्सवी वर्षी तरी ते मुलींकडून करून घ्या. गेरू आणि पोती मी आणते. मोहरी मात्र आठ-दहा दिवस आधी पेरा, आणि सुट्टीत पाणी कोण घालणार हे आधी ठरवा.