फॉर्मवर खोटं लिहून टेबल माउंटन चढलो

हनिमूनला केपटाउन ठरलं तेव्हा ह्याच्या डोक्यात समुद्र होता आणि माझ्या डोक्यात डोंगर, म्हणून दोन्ही एकदम मिळेल असा गाइडवाला ट्रेक मी आधीच बुक करून टाकला. वर जायला केबल कार आहे, 1929 पासून आहे, पाच मिनिटांत पोचवते, हे ह्याने मला तीन वेळा सांगितलं. मी म्हटलं वर चालत जाऊ, खाली केबलने येऊ. डील झालं.

निघायच्या आदल्या रात्री एक फॉर्म आला. गुडघे, पाठ, दमा, उंचीची भीती, काही आहे का? दोघांनी शेजारी बसून सगळीकडे "नाही" टिक केलं. आता लग्न ठरल्यापासून चार महिने रोज रात्री फोनवर बोललेलो, एकमेकांचं सगळं माहितीये असा आमचा समज, त्यामुळे कोणी कोणाचा फॉर्म वाचला पण नाही.

सकाळी सातला गाइड भेटली. पन्नाशीची बाई, पिंडऱ्या दगडासारख्या, बोलणं कमी. सुरुवात कर्स्टनबॉश या बॉटनिकल गार्डनमधून, तिथून स्केलेटन गॉर्ज नावाच्या घळीतून वर. नावावरून वाटतं तशी भकास नाहीये ही घळ, उलट गर्द झाडी, मधून ओढा, शेवाळलेले दगड, वरून टपटप पाणी. पहिला तासभर मस्त गेला, मी पुढे, हा मागे, मध्ये गाइड आम्हाला झाडं दाखवतेय.

मग शिड्या आल्या. लाकडी शिड्या, ओल्या कातळाला लावलेल्या. मी सरसर चढले आणि वरून मोबाइल काढून म्हटलं बघ इकडे, तर हा तिसऱ्या पायरीवर शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभा! मला आधी वाटलं नाटक करतोय. नाटक नव्हतं. गाइडने मला हातानेच "गप्प बस" अशी खूण केली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि फक्त एवढंच बोलत राहिली: उजवा हात वर, आता डावा पाय, खाली मी आहे. दहा मिनिटं लागली असतील. वर आल्यावर हा म्हणाला, "फॉर्मवर लिहायला पाहिजे होतं गं." मी काय बोलणार, खाली बसून पाणी दिलं. राग पण आला होता, खरं सांगते. चार महिन्यांत हे एकदा तरी सांगता आलं असतं की.

घळ संपली की एकदम उघडं होतं. थोडं आत गेलं की 1904 सालचं एक धरण लागतं, हेली-हचिन्सन, आणि त्याच्या काठाला चक्क पांढरी वाळू, डोंगराच्या डोक्यावर बीच! पाणी मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं, इथल्या फिनबॉस झुडपांमधलं टॅनिन उतरतं त्यात. ह्याने बूट काढून पाय बुडवले आणि पहिल्यांदा हसला, म्हणाला हा घे माझा समुद्र.

तिथून सगळ्यात उंच जागा म्हणजे मॅक्लिअर्स बीकन, 1,086 मीटर. बघायला नुसता दगडांचा ढीग आहे पण गोष्ट भारी आहे. अठराव्या शतकात लकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने इथे पृथ्वीचा आकार मोजला तर आकडे विचित्रच आले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट (तोच, शिखरवाला) इथे येऊन गेला आणि त्याला शंका आली की हे डोंगरच ओळंबा स्वतःकडे ओढत असणार. मग मॅक्लिअर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सगळं पुन्हा मोजलं आणि चूक निस्तरली. मला हे इतकं आवडलं की मी गाइडला दोनदा सांगायला लावलं.

वर दोन्हीकडे पाणी दिसतं. उत्तरेला टेबल बे, दक्षिणेला फॉल्स बे, म्हणजे खोटा उपसागर. पूर्वेकडून येणारे खलाशी हाच टेबल बे समजून चुकायचे म्हणून ते नाव. फॉल्स म्हटल्यावर मी ह्याच्याकडे बघितलं. त्याने दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात वारा सुटला. उन्हाळ्यातला साउथ-ईस्टर, डोंगरावर चढता चढता त्यातल्या बाष्पाचा ढग होतो आणि तो कड्यावरून शहराच्या बाजूला ओघळतो, म्हणून त्याला टेबलक्लॉथ म्हणतात. खालून फोटोत सुंदर दिसत असेल, आत असलं की समोरचा माणूस दिसत नाही आणि कानात नुसतं घोंघों. लांबून भोंगा ऐकू आला. गाइड म्हणाली, केबल बंद करतायत, वरच्या लोकांना बोलावतायत, आपण पोचेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असेल, चालत उतरायचं. मी म्हटलं पळत गेलो तर? ती म्हणाली, नो. बस, एवढंच.

तर उतरणं प्लॅटेक्लिप गॉर्जमधून. 1503 मध्ये सलडान्या नावाचा पोर्तुगीज याच घळीतून चढला होता, डोंगर चढल्याची ती पहिली नोंद. त्याच्यानंतर बहुतेक मीच एवढी शिव्या देत उतरले असेन. सुमारे 700 मीटरचा उतार, सगळ्या दगडी पायऱ्या, एकही दुसरीसारखी नाही. ढगाच्या खाली आलो तर कडक ऊन, समोर अख्खं शहर आणि रॉबेन आयलंड, आणि माझा डावा गुडघा सुरू झाला. कॉलेजमध्ये असताना लिगामेंट फाटलेलं. फॉर्मवर काय लिहिलेलं ते वर सांगितलंच.

शंभरेक पायऱ्या मी गुपचूप तिरकी तिरकी उतरले. ह्याने मागून विचारलं, "किती दिवसांपासून?" म्हटलं सात वर्षं. हा एवढा मोठ्याने हसला की दगडावर ऊन खात बसलेली डॅसी पळाली (सशाएवढा प्राणी, नातं मात्र हत्तीशी, खरंच). मग गाइडने तिची एक काठी मला दिली, दुसऱ्या बाजूला ह्याचा खांदा, आणि दीड तासाचं अंतर आम्ही पावणेतीन तासांत उतरलो. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली हनिमूनवाले सगळे फॉर्मवर "नाही"च लिहितात.

दोन दिवसांनी सी पॉइंटला कयाकिंग होतं. परत फॉर्म. "आम्हाला कळवण्यासारखं अजून काही?" या रकान्यात ह्याने सहा ओळी लिहिल्या, त्यातल्या चार माझ्याबद्दल. मी वाचल्या. घोरण्याचं लिहायची काय गरज होती कळलं नाही.