बारा विजय आणि पुढे सुट्टी

२४ नोव्हेंबर २०१२. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये, कोलंबसच्या मैदानावर, ओहायो स्टेट विद्यापीठाने मिशिगनला २६-२१ असं हरवलं आणि मोसम १२-० वर संपवला. एकही हार नाही. आणि त्यांचा मोसम खरोखरच तिथे संपला. त्यांच्यावर बंदी होती: बिग टेन या त्यांच्या गटाचा पुढच्या आठवड्यातला अंतिम सामना त्यांना खेळता येणार नव्हता, बाउल, म्हणजे मोसमाअखेरचा निमंत्रणाचा सामना, नव्हता, राष्ट्रीय विजेतेपदाच्या यादीत नाव नव्हतं. जानेवारीत अलाबामाने नोटर डेमला ४२-१४ असं धुतलं, ते ओहायोच्या लोकांनी घरी बसून टीव्हीवर पाहिलं. 'तिथे आपण असतो तर' हा विषय कोलंबसमध्ये आजही दोन मिनिटांत पेटतो.

आता गंमत अशी की ही बंदी टळण्यासारखी होती. निदान तिचं वर्ष तरी बदलता आलं असतं.

प्रकरण थोडक्यात असं. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी विजेतेपदाच्या अंगठ्या, जर्सी वगैरे विकून पैसे आणि गोंदणं पदरात पाडून घेतली. तेव्हाच्या नियमाने हा गुन्हा. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना ईमेलवरून हे आधीच कळलं होतं, पण ते गप्प राहिले आणि प्रकरण फुटल्यावर ३० मे २०११ ला पायउतार झाले. अशा वेळी विद्यापीठं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, निकालाची वाट न बघता स्वतःच स्वतःला शिक्षा लावून घेतात, म्हणजे समितीपुढे जाताना हात जोडलेले दिसतात. ओहायो स्टेटनेही २०१० चे सगळे विजय पुसले, शुगर बाउलचे ३,३८,८११ डॉलर परत केले, तीन वर्षांत मिळून खेळाडूंना द्यायच्या पाच शिष्यवृत्त्या सोडल्या. एकच गोष्ट सोडली नाही: बाउल.

२०११ चा त्यांचा संघ होता ६-६. अगदी सुमार. सहा विजय झाले की कुठलं ना कुठलं आमंत्रण येतंच, तसं गेटर बाउलचं आलं. ते घेतलं. २० डिसेंबर २०११ ला एनसीएएचा निकाल आला: शिष्यवृत्त्यांची कपात पाचावरून नऊ, ट्रेसल यांच्यावर पाच वर्षांचा 'शो कॉज' (म्हणजे त्यांना नेमणाऱ्या विद्यापीठालाही एनसीएएपुढे जाब द्यावा लागणार), आणि २०१२ च्या मोसमात बाउलबंदी. २ जानेवारीला संघ गेटर बाउल खेळला आणि फ्लोरिडाकडून २४-१७ असा हरला. थोडक्यात, ६-६ च्या पोरांवर खपून गेली असती ती बंदी १२-० च्या पोरांच्या डोक्यावर जाऊन बसली. म्हणून ओहायोच्या चाहत्यांचा राग एनसीएएवर कमी आणि आपल्याच खेळ विभागावर जास्त होता. कॉलेज फुटबॉलच्या शिक्षांच्या इतिहासात चाहत्यांनी बरोबर माणसं धरून शिव्या घातल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

एरवी नेम चुकतो. निकाल येतो त्या दिवशी लोक ज्यावर तुटून पडतात ते कलम सहसा बिनमहत्त्वाचं असतं, आणि जे खरं लागतं ते दोन-तीन वर्षांनी लागतं. तोवर कागद कोणाच्या लक्षातच नसतो.

सदर्न कॅलिफोर्नियाचं, म्हणजे यूएससीचं प्रकरण घ्या. तिथे शिकलेली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यामुळे रेजी बुश या तिथल्या खेळाडूचं नाव आपल्याकडेही ऐकलेलं असतं. बुशच्या घरच्यांनी भावी एजंटांकडून घरासकट बराच मलिदा घेतला, असा ठपका होता. १० जून २०१० ला शिक्षा आली: दोन वर्षं बाउलबंदी, चार वर्षं प्रोबेशन (देखरेख), डिसेंबर २००४ पासून २००५ च्या मोसमापर्यंतचे १४ विजय रद्द, आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्या कमी. लॉस एंजेलिसमध्ये बोंब कशाची झाली? करंडकाची. बुशचा हाइसमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक, गेला, ओक्लाहोमाला ५५-१९ असं लोळवून जिंकलेलं विजेतेपद गेलं. शिष्यवृत्त्यांबद्दल सूर असा की 'वर्षाला दहाच तर गेल्या, आपल्याकडे यायला पोरं रांगा लावतात.'

हा हिशेब नीट मांडून पाहण्यासारखा आहे. तेव्हाचा नियम होता, संघात एकूण ८५ शिष्यवृत्त्या आणि दरवर्षी नवे २५. यूएससीला मिळाले एकूण ७५ आणि दरवर्षी नवे १५. चाहते ७५ च्या आकड्याकडे बघत बसले, पण फास होता १५ चा. चार वर्षांचे झाले ६०. एक वर्ष न खेळता बसून पाचव्या वर्षापर्यंत टिकणारे, म्हणजे रेडशर्टवाले, धरले तरी प्रत्यक्षात ७५ पर्यंत पोचणं मुश्कील. त्यात भरती हा सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर लावलेला जुगार आहे. कोणाचा गुडघा जातो, कोणी अभ्यासात अडकतं, कोणी दुसरीकडे निघून जातं, आणि फार चांगला निघालाच तर तिसऱ्या वर्षानंतर एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, पळतो. समजा दहातले चार असे गळतात. पंचवीसमधून दहा गळाले तर पंधरा हाती राहतात, काम चालतं. पंधरातून सहा गळाले की उरले नऊ. आक्रमणाच्या आणि बचावाच्या मिळून बावीस जागा भरायच्या आणि एका सालच्या तुकडीतून हाती येतात नऊ.

बावीस अधिक चेंडू लाथाडणारे किकर व पंटर आणि त्यांच्याकडे तो फेकणारा लाँग स्नॅपर म्हणजे पंचवीस. मागे दुसरी फळी बावीसची. आता किकऑफ आणि पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथाडून समोरच्या संघाकडे दिला जातो तेव्हा, जिवाच्या आकांताने धावणारी पोरं कोण असतात? ही दुसरी फळीच. ती विरळ झाली की तिथेही पहिल्या फळीला धावावं लागतं, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात. शेवटच्या पाच मिनिटांत हातची आघाडी जाते तेव्हा टीव्हीसमोरचा माणूस म्हणतो, 'पोरांत दमच नाही.' दम होता, तो किकऑफच्या मागे धावण्यात संपला.

याहून वाईट गोष्ट सरावात घडते, आणि ती टीव्हीवर दिसत नाही. आघाडीच्या लाइनमध्ये पाच जण. समोरासमोर पूर्ण जोराने खेळायचं तर अशा दोन लाइन हव्यात, म्हणजे दहा धडधाकट, दीडशे किलोच्या आसपासची पोरं. ती आठच असली तर प्रशिक्षक काय करणार? सरावात टॅकल बंद, धक्का देऊन सोडून द्यायचं, कारण आणखी एक जखमी झाला तर शनिवारी उभं कोणाला करायचं? यूएससीने २०१२ मध्ये सरावातलं टॅकलिंग असंच आवरतं घेतलं होतं. आठवडाभर ज्याने कोणाला आडवं केलं नाही त्याच्या हातून शनिवारी माणूस निसटतोच. मोसमाआधी एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर असलेला तो संघ ७-६ वर येऊन थांबला. सगळा दोष शिष्यवृत्त्यांचा नव्हता, पण होता त्याची सुरुवात इथून होते.

'मग वॉक-ऑन भरा की' हा सल्ला देणारे प्रत्येक चर्चेत भेटतात. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीविना, पदरची फी भरून खेळणारा. तेव्हा अशांच्या संख्येला मर्यादा नव्हती, हे खरं. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलाला फी कमी पडते, म्हणून नेब्रास्कासारख्या ठिकाणी ही परंपरा जोरात होती. यूएससी खासगी आणि महागडं. स्वतःची फी भरून मार खायला कितीजण येणार?

आणि वेळेचं गणित बघा. यूएससीने अपील केलं. अपील चालू असेतो शिष्यवृत्त्यांची कपात थांबली, बाउलबंदी मात्र चालू राहिली. मे २०११ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि कपात येऊन पडली २०१२, २०१३, २०१४ च्या भरतीवर. म्हणजे २०१० साली केलेली शिक्षा अंगाला लागली २०१३ नंतर. तोवर लोकांचा राग निवला होता, त्याला नवं गिऱ्हाईक हवं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेटकडून १०-७ हरताना घरच्या कोलिजियम मैदानात प्रशिक्षक लेन किफिनला हाकला अशा घोषणा घुमल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी अॅरिझोना स्टेटने ६२ गुण ठोकल्यावर परतीच्या विमानातून उतरताच किफिन यांना विमानतळावरच नारळ मिळाला. किफिन काही फार मोठे प्रशिक्षक होते असं नाही. पण कागद नीट वाचणाऱ्याला २०१३ चा खड्डा २०१० मध्येच दिसत होता.

बंदीच्या काळातला सगळ्यात हास्यास्पद प्रसंग २०११ चा. यूएससीने गावातल्याच यूसीएलएला ५०-० असं तुडवलं. पॅक-१२ या त्यांच्या साखळीच्या दक्षिण गटात अव्वल यूएससीच, पण बंदी; म्हणून गटाचा प्रतिनिधी म्हणून अंतिम सामन्याला गेलं कोण? आठवड्यापूर्वी पन्नास खाल्लेलं यूसीएलए. ऑरेगनकडून ४९-३१ हरून आले. हे असं व्हायला लागलं की शिक्षा कोणाला झाली हेच कळेनासं होतं.

'न्याय करणारे कोण आहेत ते बघा' हा चाहत्यांचा आवडता आक्षेप. बहुतेक वेळा तो रडीचा डाव असतो, पण यूएससीवाल्यांच्या हाती खरंच कोलीत सापडलं. शिक्षा देणाऱ्या समितीचे अध्यक्ष पॉल डी हे आधी मायामी विद्यापीठाचे क्रीडा संचालक. ऑगस्ट २०११ मध्ये बाहेर आलं की त्यांच्याच कारकिर्दीत मायामीत एक धनाढ्य पाठीराखा खेळाडूंवर पैसा उधळत होता. मायामीने शहाणपणा केला: २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं बाउलला आपणहून नकार दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा नवी बाउलबंदी नाही, शिष्यवृत्त्या गेल्या फक्त नऊ. तीस आणि नऊ हे आकडे यूएससीचा जुना माणूस झोपेतून उठवला तरी सांगतो.

विजय पुसण्याच्या शिक्षेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिने मैदानावर काहीच बदलत नाही. रद्द केलेला विजय समोरच्याला मिळत नाही. हरलेला हरलेलाच राहतो, फक्त जिंकलेला कोणी नसतो. पण भावना सगळ्यात जास्त इथेच भडकतात, आणि कधी कधी भान सुटतं. पेन स्टेटमध्ये तसं झालं. माजी सहप्रशिक्षक जेरी सँडस्की मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत दोषी ठरला आणि जुलै २०१२ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड, चार वर्षं बाउलबंदी आणि ११२ विजय रद्द अशी शिक्षा दिली. तिथले मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांचे ४०९ विजय २९८ वर आले. मग '४०९' लिहिलेले टीशर्ट निघाले, पाट्या निघाल्या. जानेवारी २०१५ मध्ये ते विजय परत मिळाल्यावर आनंद साजरा झाला. शिक्षेच्या कायदेशीरपणावर रास्त प्रश्न होते, पण ज्या प्रकरणात लहान मुलांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली तिथे छातीवर विजयांचा आकडा मिरवणं बाहेरच्या कोणालाही खुपणारच. २०१२ च्याच मोसमात, दुसऱ्या संघात जायची मुभा असूनही थांबलेल्या पोरांची नावं पेन स्टेटच्या जर्सीवर पहिल्यांदा आली. नाव न लिहिण्याची जुनी प्रथा त्यांच्यासाठी मोडली. ते दृश्य '४०९' पेक्षा कितीतरी सरस होतं.

शिक्षा गुन्हेगाराला सोडून भलत्यालाच लागते, ही तक्रार पुण्याला तरी नवी नको. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानला आयपीएलमधून दोन वर्षं बाहेर काढलं, म्हणून तर पुण्याला दोन मोसमांपुरता संघ मिळाला आणि धोनी पुण्याच्या जर्सीत दिसला. फरक एवढाच की तिथे शिक्षा दोन वर्षांत संपली. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाला १९८७ मध्ये एनसीएएने अख्खा मोसमच बंद ठेवायला लावला. खेळाडू पांगले, १९८८ चा मोसम विद्यापीठाने स्वतःच सोडला, आणि १९८९ मध्ये नव्या पोरांना घेऊन उतरल्यावर ह्यूस्टनकडून ९५-२१ असा मार खाल्ला. पुढचा बाउल मिळाला थेट २००९ मध्ये. त्यानंतर अव्वल दर्जाच्या फुटबॉलमध्ये एवढी टोकाची शिक्षा एनसीएएने कोणाला दिलेली नाही.

आता तर वारं उलट दिशेचं आहे. निर्दोष खेळाडूंना झळ लागू नये हे धोरण ठरलं आणि शिक्षा रोकडीत यायला लागल्या. टेनेसीला २०२३ मध्ये ८० लाख डॉलर दंड झाला, बाउलबंदी नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या खुणा टिपल्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगनला ५० हजार डॉलर, वर फुटबॉलच्या बजेटचे १० टक्के, आणि दोन मोसमांच्या बाउलच्या उत्पन्नाएवढी रक्कम असा दंड लागला. बंदीच लावायला हवी होती, पण ती आत्ताच्या पोरांवर अन्याय करेल, असं समितीने लिहून ठेवलं. २०२३ चं विजेतेपद शाबूत. मिशिगनच्या गावात, अॅन आर्बरमध्ये, सुटकेचा निश्वास, कोलंबसमध्ये थयथयाट. कोलंबसच्या लोकांचं एक म्हणणं मात्र खोडता येत नाही: बिल देणगीदारांच्या चेकने भागतं, आणि दुसऱ्या फळीतला एकही माणूस कमी होत नाही.

कोलंबसचा जळफळाट समजून घ्यायचा तर २०१० च्या ओहायो स्टेटची अधिकृत नोंद बघावी. त्या वर्षी ते १३ सामने खेळले. १२ जिंकले, ते पुसले गेले. विस्कॉन्सिनकडून ३१-१८ अशी एकच हार झाली, ती तशीच ठेवली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे कमवायची मुभा मिळाली. गोंदण प्रकरणातल्या त्या पाच जणांनी लगेच, आमचे विक्रम परत द्या, अशी मागणी केली. नोंद अजून तीच आहे: ०-१.