ठेचा बाटलीत भरायचा म्हणजे काय काय करावं लागतं

इथे अमेरिकेत हॉट सॉसचं भयंकर वेड आहे, टबॅस्को सॉस तर दीडशेहून जास्त वर्षं विकताहेत, आणि फार्मर्स मार्केटला गेलं की घरगुती सॉसच्या बाटल्या मांडून कोणी ना कोणी बसलेलंच असतं. मग आपला खान्देशी ठेचा का नको, म्हणून मी आणि वहिनींनी छोटासा धंदा सुरू केला.

पण घरच्यासारखा ठेचा बाटलीत भरून विकता येत नाही हो. लसूण आणि तेल हवाबंद बाटलीत फ्रीजबाहेर राहिलं की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. आमच्यासारख्यांना जमणारा उपाय म्हणजे आंबटपणा. नियमाप्रमाणे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 किंवा त्याखाली लागतो, आम्ही तर 3.8 च्या वर जाऊच देत नाही. रेसिपी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची, किचन तासावर भाड्याने घ्यायचं, प्रत्येक घाण्याचा पीएच वहीत लिहायचा.

आता नुसतं व्हिनेगर ओतलं की आंबट होतं, पण ठेच्याची चव पार मरते. म्हणून आम्ही अर्धी मिरची कच्चीच वाटून वजनाच्या 3 टक्के मीठ लावून दोन-तीन आठवडे आंबवतो, झाकण उघडलं की लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो अगदी. उरलेली मिरची आणि लसूण लोखंडी तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे (एक्झॉस्ट फुल ठेवूनही सगळं किचन खोकतं), मग दोन्ही एकत्र वाटून जिरं, लिंबाचा रस, आणि उकळी आली की गरम गरमच बाटलीत. झाकण लावून बाटली थोडा वेळ उलटी ठेवायची, म्हणजे झाकणही आतून तापतं. तेल नाही, शेंगदाणे पण नाहीत, कारण इथे खूप जणांना त्याची जबर अ‍ॅलर्जी असते. शेंगदाण्याशिवाय ठेचा म्हटल्यावर आईला अजूनही पटत नाही, आणि मला तिचं बरोबरच वाटतं, म्हणून आपल्या माणसांना सांगते, वरून कूट घाला.

मला मनापासून वाटतं हे काम नंदुरबारला व्हायला पाहिजे. एवढी मिरची तिथल्या पथाऱ्यांवर वाळते आणि पोत्यातून बाहेर जाते, तिथेच बाटलीत का भरू नये? केंद्र सरकारने 2020 मध्ये आणलेल्या पीएमएफएमई योजनेत छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान ठेवलं होतं. कोणी मनावर घेणार असेल तर आधी चांगला पीएच मीटर घ्या, आणि काही अडलं तर बिनधास्त विचारा, बाटलीपासून लेबलपर्यंत सगळं सांगते.